सोनाबाईचा खर्ज

गोदाकाठच्या शिरवंडी गावी श्रीआत्मनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट.

मठात रोज पहाटे भजन होई. सोनाबाई कासारीण मागच्या खांबाशी बसून गाई. तिचा आवाज पुरुषासारखा जाड. भजनाचे प्रमुख त्र्यंबकबुवा मात्र तार सप्तकात लीलया फिरत आणि त्याचा त्यांना ताठाही होता. त्यांच्या चढ्या पट्टीत सोनाबाईचा आवाज फाटे, लोक हसत. एकदा बुवा सर्वांदेखत म्हणाले, "बाई, देव वर असतो. इतक्या खालून तुमचं त्याला काय ऐकू जाणार? तुम्ही आपल्या टाळ्याच वाजवा."

त्या दिवसापासून सोनाबाईने गाणे सोडले. महाराजांनी जवळ बसवून विचारपूस केली तेव्हा तिला रडू आवरेना. महाराज म्हणाले, "अगं, मंद्रातला सा, मधला सा, तार सप्तकातला सा, तिन्ही एकच. देवळाच्या खालच्या पायरीवरून हाक मारली म्हणून देव का निराळा होतो? तू तुझ्या पायरीवरून हाक मार."

उत्सवाच्या सकाळी बुवा पैलतीराहून देवाच्या पादुका घेऊन नावेने निघाले. मध्यावर येताच दाट धुके उतरले. नावाड्याला तीर दिसेना आणि धार नावेला खडकांकडे ओढू लागली. काठावरच्या लोकांनी आरडाओरडा केला. त्या गलक्यात दिशाच कळेना. महाराजांनी सर्वांना गप्प केले आणि सोनाबाईला म्हणाले, "गा."

तिने डोळे मिटून गुरूंचे नाव घेतले आणि आपल्याला झेपेल असा, अगदी खालचा सा लावला. आज आवाज फाटला नाही. छातीतून निघालेला तो खर्ज घाटाच्या दगडांत घुमला, पाण्यावर पसरला. तिला हसणारे लोक आठवले नाहीत, बुवाही आठवले नाहीत. ती गातच राहिली.

थोड्या वेळाने धुक्यातून नावेचे टोक दिसले.

बुवा पादुका छातीशी धरून उतरले आणि विचारू लागले, "ते तिघे कोण गात होते?"

लोकांनी सोनाबाईकडे बोट दाखवले. बुवांचा विश्वास बसेना. नावेतल्या सर्वांनी तीन आवाज ऐकले होते. एक खोल, एक मधला आणि एक इतका उंच की बुवांनी त्यात सूर मिळवू पाहिला, पण त्यांचा गळा तिथवर पोचला नाही. तिघांचा सा मात्र एकच होता. त्याच्याच रोखाने नावाड्याने वल्ही मारली होती.

महाराज हसून म्हणाले, "बुवा, हिने खालून हाक मारली. वरची ओ कोणी दिली, ते तुम्ही ओळखा."

बुवांनी पादुका महाराजांच्या हाती दिल्या, त्यांच्या चरणांवर डोके ठेवले. मग सोनाबाईपुढे वाकून म्हणाले, "माउली, आज पट्टी तुम्ही धरा."

सोनाबाईने सा लावला आणि अवघा घाट त्या सुरात गाऊ लागला.