काचेच्या कपाटातला वारा

"...तर भंतेजी, चौथा पंखा लावू का?" विश्वजितनं विचारलं.

म्हातारे भंते कपाटापुढे मांडी घालून बसले होते.

कपाट काचेचं, विहाराच्या मागच्या खोलीत ठेवलेलं. आत पिंपळाची रोपं होती. टेकडीवरच्या त्या लहानशा विहारात एक रीत होती. ज्यांचं मूल गेलं ते आईबाप इथं येऊन मातीच्या कुंडीत पिंपळाचं बी पेरायचे. कुंडीवर नाव घालायचं नाही, खूण करायची नाही. नंतर परत यायचं, हाताला येईल ते रोप घ्यायचं आणि आपल्या गावी नेऊन लावायचं.

बाहेर झळा अशा की कोवळं पान उघड्यावर दुपार काढत नसे. म्हणून हे कपाट.

ते बांधलं होतं विश्वजित रामटेके यानं. त्याचीही मुलगी गेली होती. कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तो भंतेंपाशी येऊन राहिला, आणि ही रोपं त्याच्याकडे आली.

"कोपऱ्यातली मरून राहिली," तो म्हणाला. "हवा कोंडते तिथं. बुडाशी काळी पडतात आणि माना टाकतात. आज सकाळी आणखी काही गेली."

"कोणाकोणाची?"

"ते कसं सांगू? नावं कुठं असतात."

"हं..."

विश्वजितला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि कपाट पाहिलं की तो फुकाचा म्हणवत नसे. हवा आत यायला खाली जाळी, बाहेर जायला वर जाळी, फळ्यांच्या मध्ये बारके पंखे, ओलाव्याला गोणपाट. कोणी पाहुणा आला की हा दार उघडून सगळं समजावून सांगायचा, आणि सांगता सांगता त्याचा आवाज मास्तरासारखा चढायचा.

आज तो आवाज बसला होता. थोड्याच दिवसांत आईबाप रोपं न्यायला येणार होते, आणि अर्ध्या कुंड्यांत नुसती माती उरली होती.

"वारा सगळ्यांना एकसारखा लागला पाहिजे," तो म्हणाला. "तेवढं एक जमत नाही. चौथा पंखा कोपऱ्याकडे तोंड करून बसवला, तर..."

भंतेंनी हात वर केला.

त्यांनी एक उदबत्ती पेटवली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या कुंडीत खोचली. दार लावलं. धूर तिथंच साचून राहिला.

मग त्यांनी ती एकेका पंख्यासमोर खोचून पाहिली. दर वेळी धूर मधल्या फळीवरच्या त्याच एका कुंडीवर जाऊन पडला.

त्या कुंडीतलं रोप सारखं थरथरत होतं. त्याच्या आणि आजूबाजूच्या रोपांच्या पानांच्या कडा वाळून तपकिरी झाल्या होत्या. कुंडीच्या गळ्याला केसांचं रबर होतं. पिवळं, लहान मुलीचं.

विश्वजितनं मान खाली घातली.

"नाव काय होतं?"

"ओवी."

"खूण करायची नाही, हे आल्यागेल्याला तूच सांगतोस."

"हो."

"तिला दम लागला होता, भंतेजी." तो पिवळ्या रबराकडे पाहत म्हणाला. "ऑटोत मी वारा घालत होतो. तिचं परीक्षेचं पॅड होतं हाताशी, त्यानंच. ती म्हणे, बाबा, जोरानं... मी जोरानं घातला. दवाखाना येईस्तोवर घातला. आत नेल्यावरही घालतच होतो. डॉक्टरांनी माझा हात धरला, तेव्हा थांबलो."

भंतेंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"पंखे काचेकडे वळवले तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"वारा काचेवर आपटेल आणि पसरेल. सगळ्या कुंड्यांना थोडा थोडा लागेल." विश्वजितला उत्तर शोधावं लागलं नाही. "मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग काहून नाही वळवले?"

"मग तिच्यावर थेट येणार नाही."

"पानं करपून राहिली तिची."

"दिसतं ना मला..."

"तरी?"

"तरी हात थांबत नाही, भंतेजी."

भंते गुडघ्यावर हात रोवून उठले. त्यांनी पंखे एकामागून एक काचेकडे वळवले. विश्वजितनं त्यांना अडवलं नाही, आणि मदतही केली नाही.

धूर काचेवर चढला, पसरला, विरळ झाला. कोपऱ्यांतही थोडा थोडा दिसू लागला. मधल्या रोपाची थरथर थांबली. एखाददुसरं पान तेवढं हलत होतं.

"इतकाच वारा?" विश्वजित म्हणाला.

भंतेंनी कुंडीच्या गळ्याचं रबर काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटली.

"तोंड फिरव."

विश्वजितनं त्यांच्याकडे पाहिलं. पुढं काय होणार ते त्याला कळलं होतं. शिष्यानं गुरूचं ऐकू नये असं कधी वाटलं असेल, तर ते त्याला त्या घटकेला वाटलं.

त्यानं तोंड फिरवलं.

मागं कुंड्या फळ्यांवर घासल्याचे आवाज येत राहिले. म्हातारा माणूस, कामही सावकाश. विश्वजितचे खांदे हलत होते, पण तो वळला नाही.

"बघ आता."

कुंड्या सगळ्या एकीसारखी दुसरी. करपलेल्या पानांची रोपं वरच्या फळीवर होती, खालच्या फळीवर होती, कोपऱ्यांतही होती. त्यानं एकेका कुंडीजवळ तोंड नेऊन पाहिलं. एकदा सगळं कपाट पाहून झालं, तो पुन्हा पहिल्यापासून पाहू लागला. मूठ तशीच घट्ट मिटलेली होती.

"भंतेजी..." त्याला धड बोलवेना. "यातली माझी कोणती?"

भंते दाराशी थांबले.

"जिच्यापर्यंत वारा पोचत नसेल, ती."