कागदवालीचं दार

डोंगर आजचेच होते, पण त्यांच्यावरचं रान इतकं दाट होतं की पाखरं माणसांशी बोलत आणि माणसंही थांबून ऐकत. त्या काळातली ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात भिवरा नावाची बाई राहायची. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ती भिजत घालायची, उखळात कुटून त्यांचा लगदा करायची, आणि तो जाळीवर पसरून कागदाचे ताव काढायची. त्या कागदाचे पंखे, पेट्या आणि कंदील ती घरातच बनवायची. घरात नवरा रायबा, म्हातारी सासू आणि दोन लहान मुलं होती.

एकदा राजवाड्यातून निरोप आला. राजकन्येच्या लग्नात मांडवभर कंदील लावायचे होते, आणि ते भिवराच्या हातचेच हवे होते. भिवराला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती कामाला बसली.

ओला ताव जाळीवरून उचलायचा म्हणजे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. भिवरानं श्वास रोखला, तावाची दोन टोकं धरली, आणि स्वयंपाकघरातून हाक आली.

"भिवरे, मीठ कुठंय गं?"

"मिठाच्या बरणीत, सासूबाई!"

ताव मधोमध फाटला.

तिनं दुसरा ताव काढला. तेवढ्यात रायबा दारात येऊन उभा राहिला. "अगं, माझा पंचा पाहिलास का?"

"तुमच्या खांद्यावर आहे."

"हां, खरंच की!" असं म्हणून तो हसत निघून गेला. तोही ताव गेला. तिसरा ताव चांगला निघाला, पण धाकट्यानं तो नाक पुसायला घेतला.

भिवरा उठली. "डिंक आणायला चाललेय," एवढंच म्हणाली आणि तरातरा रानात निघून गेली.

एका जुन्या झाडाखाली ती मटकन बसली आणि मोठमोठ्यानं बोलू लागली. "मीच मेलीनं मीठ शोधायचं! पंचा मीच शोधायचा! मी काम करतेय हे कुणाला दिसतच नाही का?"

"जरा हळू गं बाई," वरून आवाज आला. "माझी पिल्लं दचकतात."

भिवरानं मान वर केली. झाडाच्या ढोलीचं तोंड मातीनं लिंपून टाकलेलं होतं. मधे एक बारीक फट होती आणि तिच्यातून एक मोठी चोच बाहेर आली होती. धनेशाची मादी होती ती.

"तू आत कोंडून का घेतलंस?" भिवरानं विचारलं.

"कामात आहे. पिल्लं वाढवायची म्हणजे मधे कुणी येऊन चालत नाही. दार लिंपून घेतलं की काम होतं. पण एक ध्यानात ठेव..."

पुढचं ऐकायला भिवरा तिथं होतीच कुठं? ती धावत घरी आली, खोलीत शिरली आणि दार धाडकन आपटून तिनं कडी लावली.

बाहेरून हाका आल्या, थापा पडल्या. तिनं ओ दिली नाही. हळूहळू सगळं शांत झालं. त्या शांततेत भिवराचे हात असे चालले की ताव सायीसारखे निघाले. संध्याकाळी तिनं खुशीत कडी काढली.

चूल थंड होती. भाताचं आधण उतरवताना सासूबाईंचा हात भाजला होता, आणि औषध कुठल्या डब्यात असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलं उपाशीच झोपली होती. अंगणात गावातली एक शेळी उभी होती, आणि आदल्या आठवड्यात काढून वाळत घातलेल्या तावांपैकी शेवटचा ताव तिच्या तोंडात होता.

"अहो, तुम्ही इथंच बसलात, आणि शेळीनं कागद खाल्ले?" भिवरा ओरडली.

"मला वाटलं, टाकून दिलेले असतील," रायबा म्हणाला. "तू काही बोलली नाहीस."

भिवराला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंच्या हाताला तिनं औषध लावलं, आणि दिवस उगवताच ती पुन्हा त्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"तुझं ऐकलं आणि माझं घर बुडालं!"

"अर्धं ऐकलंस," पक्षीण म्हणाली. "आत बसण्याआधी मी धन्याला सगळं सांगितलं. फळं कोणती आणायची, कधी आणायची, साप झाडावर चढला तर काय करायचं. आणि ही फट ठेवली. तू काय सांगितलंस?"

"सांगायला कशाला हवं? त्यांना दिसत नाही?"

"माझ्या धन्यालाही दिसत नाही, बाई. मधे भिंत आहे ना."

भिवरा घराकडे वळली. येताना तिनं खरोखरच डिंक गोळा केला.

घरी येऊन तिनं सगळ्यांना समोर बसवलं. मीठ, डाळ, औषध कुठं असतं ते एकेक उघडून दाखवलं. "सकाळची भाकरी मी करीन," ती म्हणाली. "ऊन उंबऱ्याशी आलं की माझं दार लागेल, आणि गाई परतल्या की उघडेल. तोवर भात तुम्ही लावायचा. अंगणातले ताव राखायचे. कुणी पडलं, भाजलं, तर खिडकीशी या. पंचा हरवला तर येऊ नका."

"माझ्या लेकानं चूल फुंकायची?" सासूबाई म्हणाल्या.

"त्याला जेवायचं असेल तर, सासूबाई."

पहिल्या दिवशी भात करपला. वास खोलीत आला आणि भिवराचा हात आपोआप कडीकडे गेला. तिनं तो मागे घेतला. ते दार न उघडणं तिला साऱ्या कामाहून अवघड गेलं. संध्याकाळी रायबानं विचारलं, "कसा झालाय?"

"भात आहे," ती म्हणाली, आणि मुकाट्यानं जेवली.

पुढं भात सुधारला. ताव राखायला थोरली मुलगी काठी घेऊन बसू लागली. एका दुपारी शेजारीण आली आणि सासूबाईंना म्हणाली, "भिवराला हाक मारा की. घरीच तर असते, जरा माझ्या पोराला सांभाळेल."

सासूबाई सुपातले खडे वेचत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "ती घरी नाही. कामावर आहे."

"अहो, समोरच्या खोलीत तर आहे!"

"असेल. दार लागलंय ना? म्हणजे कामावर आहे."

आत भिवरा कंदिलाला कागद चिकटवत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं डोळे पुसले आणि डिंक वाळायच्या आत कडा दाबून घेतल्या.

शेळीनं खाल्लेल्या तावांची भरपाई काही झाली नाही. मांडवाचा एक कोपरा पणत्यांवरच भागवावा लागला, आणि राणीनं तसं बोलूनही दाखवलं. पण बाकीचा मांडव असा उजळला की राजवाड्यातल्या पुढच्या प्रत्येक सणाचे कंदील भिवराच्याच घरून जाऊ लागले.

तात्पर्य: रागानं आपटलेलं दार घर मोडतं, सांगून लावलेलं दार घरच राखतं.