कोरड्या बाजूची ओल

"आणि ती पाण्यात गेली तर?"

मौलाचाचांना मी हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माझी सलग तिसरी रात्र जागून झाली होती.

चाचा माझ्या लेकीच्या सायकलचं पुढचं चाक अंगठ्याने दाबून बघत होते.

गोष्ट तशी साधी होती. शाळेची व्हॅन दिवाळीनंतर येणार नव्हती. हायवेवर उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले, एकामागे दोन ट्रॉल्या लावून, मोठ्याने गाणी वाजवत. राहता राहिली कालव्याच्या कडेची मुरमाची वाट. आमच्या वसाहतीच्या मागून निघते आणि चार किलोमीटरवर शाळेच्या मागच्या फाटकाशी पोचते. तिच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब पुरलेत. मधून माणूस जातो, शेळी जाते, सायकल जाते. बाकी काही नाही.

म्हणजे गाडीखाली येण्याची शक्यता शून्य. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, शून्य मला कळतं. पण वाटेच्या एका अंगाला भरलेला कालवा...

मैथिली नऊ वर्षांची. शाळा सोमवारी उघडणार. आज शुक्रवार.

मौलाचाचा मुलाणी चौतीस वर्षं याच कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडायचं, शेतांना वाटून द्यायचं, पाट फुटू द्यायचा नाही, आणि हे सगळं सायकलवरून. निवृत्त होऊनही रोज सकाळी सातव्या मोरीपर्यंत, म्हणजे सातव्या छोट्या पुलापर्यंत, जाऊन येतात. "वाट शिकवायची तर त्यांच्याकडूनच," असं माझा नवरा म्हणाला होता. त्याचं स्वतःचं मत "जाईल गं ती" एवढंच. ते सांगून तो झोपतो. घोरतोही.

"हवा कुनी भरली?" चाचांनी विचारलं.

"मी," मी जरा ताठ होत म्हणाले. "काटा असलेला पंप आणलाय. लिहिलंय तेवढी भरली. थोडी जास्तच, पंक्चर नको म्हणून."

चाचांनी व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखाने आतली पिन दाबली.

फुस्स...

"अहो चाचा!"

फुस्स...

"ही डांबरावरची हवा," ते म्हणाले. "मुरमावर घट्ट चाक दर खड्याशी भांडतं."

मग त्यांनी मैथिलीकडे बघितलं. हेल्मेट. कोपरांना पॅड, गुडघ्यांना पॅड. गळ्यात शिट्टी. पाठीला पिवळा चमकणारा पट्टा.

"मैथुबाय, लढाईवर निघालीस जनू!"

मैथिली हसली. हसता हसता तिने फ्रॉकची कॉलर तोंडात धरली.

"कॉलर काढ तोंडातून," मी म्हणाले.

वसाहतीतल्या सिमेंटवर ती दोन वर्षं सायकल चालवतेय. तरी कालव्याच्या वाटेवर मी कॅरिअर धरलं आणि पाण्याच्या बाजूने पळायला लागले. "हळू. खडा आहे. समोर बघ. तिकडे नको. हळू गं..."

साधारण शंभर पावलांवर तिचं हँडल जरासं कालव्याकडे वळलं. जरासंच. मी जीव खाऊन ओढलं.

ती दुसऱ्या बाजूला आपटली. पॅड नसलेली एकच जागा होती, हनुवटी. तीच खरचटली.

"बघितलंत?" मी धापा टाकत म्हणाले. "मी होते म्हणून पाण्यात नाही गेली!"

चाचा मैथिलीकडे बघत राहिले.

"आई, तू ओढलंस," ती म्हणाली. कॉलर पुन्हा तोंडात होती.

शनिवारी तिघेही सायकलवर निघालो. मी नवऱ्याची घेतली होती, पाय जेमतेम टेकत होते.

मी हट्टाने पाण्याच्या बाजूला राहिले, मैथिली आणि कालवा यांच्या मध्ये. चाचा पुढे. त्यांची काळी सायकल मुरमावरून आवाज न करता चालली होती. आमच्या दोघींच्या चाकांखाली मात्र कचकच, कचकच.

थोड्या वेळाने एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मला रागच आला. चाचा कालव्याकडे बघतच नव्हते! त्यांची मान सारखी दुसऱ्या बाजूला. तिकडे भराव खाली उतरतो आणि पायथ्याशी वाळलेलं गवत, बाभळी. बघण्यासारखं काही नाही.

"चाचा, पाणी इकडे आहे!"

"ठाऊक हाय."

सातव्या मोरीवर उतरलो. चाचांनी बाटलीतलं पाणी आधी मैथिलीला दिलं.

"ताई, वाटंनं काय दिसलं?"

हा प्रश्न मला सोपा होता. "खोली दीड पुरुष असेल. काठाच्या सिमेंटच्या अस्तराला शेवाळ आहे, हात धरायला काही नाही. पायऱ्या फक्त दोन ठिकाणी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोरीच्या मध्ये वाट अरुंद होते. आणि काठ खचलेल्या जागा अकरा."

"अकरा," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं की काय, ते मला कळलं नाही.

"आन् मैथुबाय, तुला?"

मैथिली घुटमळली. तिने माझ्याकडे बघितलं.

"तिकडं काय बघतीस? तुला काय दिसलं त्ये सांग."

"एक खंड्या दिसला. आणि... पाचव्या मोरीच्या अलीकडे खाली सगळं गवत पिवळं होतं. मध्येच एवढंसं हिरवं होतं. चादरीएवढं."

चाचांनी बाटलीचं झाकण लावलं. सायकल वळवली.

पाचव्या मोरीच्या अलीकडे ते उतरले आणि सत्तरीचा माणूस उतरेल तसे, तिरके तिरके, भरावाखाली गेले. हिरव्या गवतात हात घातला. हात वर केला तेव्हा बोटं चिखलाने भरली होती.

वर पाण्याला कुठे लाटही नव्हती.

"खेकड्याचं बीळ," ते खालून म्हणाले. त्यांनी नव्या पाटकऱ्याला फोन लावला, जागा सांगितली. मग तिथलीच चिकणमाती घेऊन बिळात टाचेने दाबत बसले. मैथिली केव्हाच खाली उतरली होती आणि त्यांना मातीचे गोळे करून देत होती.

मी वर उभी. माझ्या अकरा जागा घेऊन.

"चाचा," मी विचारलं, "पाणी वर, धोका वर. आणि तुम्ही राखण खाली बघून करता?"

"पान्याकडं बघून काय करायचं? त्ये कुटं चाललंय त्ये दिसतंयच की."

"मग?"

"पाट फुटतो तवा आदी कोरड्या बाजूला ओल येती."

"म्हणजे?"

चाचांनी हात गवताला पुसले. वर चढताना मैथिलीने त्यांना हात दिला.

"म्हंजी काय न्हाई, ताई. आदी कोरड्या बाजूला ओल येती."

रविवारी दुपारी मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. चार वेळा ठरवून झालं होतं की उद्या तिच्या मागून जायचं. लांबून. तिला कळणार नाही असं. पिवळा पट्टा लांबूनही दिसतो, त्यासाठीच घेतलाय.

मैथिलीचा निळा फ्रॉक हातात आला. कॉलरचं डावं टोक विरलं होतं.

पांढरा घेतला. डावं टोक विरलेलं.

शाळेचा युनिफॉर्म. दोन्ही युनिफॉर्म. नाइट ड्रेस. मावशीच्या लग्नात एकदाच घातलेला जरीचा.

सगळ्यांचं डावंच टोक. दोरे निघालेले, चावून चावून.

मी घडी अर्धी टाकून तिच्याकडे गेले. ती फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. अंगात पिवळा टी-शर्ट. त्याच्या कॉलरचं टोक ओलं होतं.

"मैथू... तू कॉलर कधी चावतेस गं?"

रागावणार आहे की नाही, याचा तिने अंदाज घेतला.

"तू माझ्याकडे बघतेस ना," ती म्हणाली, "तेव्हा."

मी परत जाऊन घड्या पूर्ण केल्या. बराच वेळ लागला. कपडे फार नव्हते.

सोमवारी खांबांपाशी चाचा आधीच उभे होते. सायकल स्टँडवर, पाठ कालव्याकडे.

मी चाक अंगठ्याने दाबून बघितलं. पंप घरीच ठेवला होता. पॅडही घरी होते. हेल्मेट मात्र डोक्यावर होतं, तेवढं मला माफ असावं.

दुसऱ्या मोरीवर वरच्या वस्तीतल्या दोघी मुली येऊन थांबणार होत्या. तिथपर्यंत ती एकटी. सहाशे मीटर. मी नकाशावर मोजलं होतं.

"जाऊ?"

माझ्या तोंडाशी 'हळू' आलं. मी ते गिळलं.

"जा."

ती खांबांमधून निघाली. मुरमावर चाक जरा डुललं, सावरलं. कचकच... कचकच... आवाज लहान होत गेला. कालवा तिच्या डाव्या हाताला तसाच भरलेला, गुपचूप चाललेला.

"चाचा, तुम्ही जाल ना मागून?"

"न्हाई."

"पाच मिनिटांनी? रोजचे जाता तसे?"

"आज उशिरा जानार."

"मग मी जाऊ? नुसती पहिल्या मोरीपर्यंत..."

ती वळणापाशी पोचली. पिवळा पट्टा एकदा चमकला आणि बाभळीआड गेला. मी चाचांकडे वळले. ते वळणाकडे बघतच नव्हते. निघाल्यापासून एकदाही बघितलं नसावं. ते माझ्याकडे बघत होते.

"मग राखायचं तरी कसं, चाचा?"

चाचांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. पहिल्यांदाच त्यांनी मला 'ताई' म्हटलं नाही.

"पोरी... च्या टाक. दोघांचा."

चहा झाला. चाचा पिऊन गेले. मी दिवसभरात आणखी तीनदा टाकला आणि तिन्ही वेळा प्यायची विसरले.

शाळा साडेचारला सुटते. मी पावणेचारला खांद्यावर ओढणी टाकून खांबांपाशी जाऊन उभी राहिले. कालव्याकडे पाठ करून. जमेल तेवढा वेळ.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना कचकच ऐकू आली. आधी बारीक, मग मोठी. मग हसण्याचा आवाज, मग कोणालातरी मोठ्याने "उद्या!"

मैथिली खांबांमधून न उतरता आत आली. गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ. हेल्मेट तिरकं. हनुवटीवरची खपली अर्धी निघालेली. मी तिची कॉलर बघितली. डावं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. कोरडं.

पडलीस का, पाण्याजवळ गेलीस का, त्या दोघी थांबल्या होत्या का, डबा संपवलास का... सगळं एकदम वर आलं.

"काय दिसलं वाटेत?" मी विचारलं. आवाज विचित्र आला, शब्द कशात तरी गुंडाळल्यासारखे.

मैथिलीने स्टँड लावलं. पाण्याकडे नाही, वाटेकडे नाही, माझ्याकडे नीट बघितलं. चाचा त्या हिरव्या गवताकडे बघत होते तसं.

"आई," ती म्हणाली, "आधी ती ओढणी काढ तोंडातून. मग सांगते."