न दिसलेला वार

हाँगकाँगचे सिनेनिर्माते फांगशेठ यांचा तोरा असा, की दिग्दर्शक त्यांच्यापुढे चळाचळा कापत. तरुण दिग्दर्शिका सूयिंग लहानपणापासून ज्या तलवारकथेची स्वप्नं पाहायची, तिच्यावरचा सिनेमा त्यांनी तिला दिला आणि बजावलं, "कथेतल्या नायिकेचा वार कुणालाच दिसत नाही. पडद्यावर हुबेहूब तसाच हवा, नाहीतर सिनेमा दुसऱ्याकडे जाईल!"

चित्रीकरण झाल्यावर सूयिंगने शेठना पडद्यावर धुक्यात बुडालेलं बांबूचं बन दाखवलं. नायिका खलनायकासमोर बसून चहा ओतत होती. एक पान तरंगत दोघांच्या मधोमध आलं आणि अलगद दुभंगलं. अर्धं तिच्या पेल्यात उतरलं, अर्धं त्याच्या. तलवार म्यानातच होती.

फांगशेठ ताडकन उठले. "अगं, पण वार झाला कधी?"

सूयिंग हसली. "शेठ, कथेतला खलनायकही मरताना हेच विचारतो."