भिवराक्काचं गुलाबतेल

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात फार पूर्वी भिवराक्का नावाची बाई राहायची. उन्हं वर यायच्या आत ती गुलाब खुडायची, तांब्याच्या हंड्यात उकळायची आणि वाफेतून तेल धरायची. टोपलीभर फुलांतून जेमतेम थेंबभर निघे. तो थेंब तिळाच्या तेलात मिसळून कपाळाला चोळला की धास्तावलेला जीव निवायचा, श्वास संथ व्हायचा.

पण लोक एवढ्यावर थांबतील तर ना! "अक्काच्या तेलानं कसलंही दुखणं पळतं," असा बोलबाला झाला. हे खरं नाही, हे अक्काला ठाऊक होतं. पण कौतुक कुणाला नको असतं? ती नुसती हसायची.

एके सकाळी कुंभारीण धावत आली. कडेवर तान्ही लेक, अंग तव्यासारखं तापलेलं.

"अक्का, तीन दिवस ताप उतरत नाही. वैद्यबुवा नदीपलीकडे. म्हटलं, तुम्ही असताना वैद्य कशाला?"

अंगणात तेल न्यायला आलेल्यांनी माना डोलावल्या. नाही म्हणावं तर नाव जाणार, हो म्हणावं तर पोर.

"पोरी, माझ्या तेलानं मन शांत होतं, ताप उतरत नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "लोक भलतंच बोलत होते आणि मी ऐकून घेत होते. चूक माझी. चल, वैद्यबुवांकडे."

माणसं कुजबुजत निघून गेली. अक्कानं स्वतः बैलगाडी जुंपली.

वाटेत कुंभारणीला रडू आवरेना, शब्द फुटेना. अक्कानं फडक्यावर एक थेंब टाकून ते तिच्या नाकाशी धरलं. "हळू श्वास घे. मी आहे ना." नदी ओलांडेपर्यंत तिचं रडू थांबलं. वैद्यबुवांनी विचारलं तसं तिनं सारं नीट सांगितलं: ताप कधी चढतो, पोर काय प्यायली, उलटी कधी झाली.

"वेळेत आणलीत. उद्यावर गेलं असतं, तर माझ्या हातात काही उरलं नसतं," वैद्यबुवा म्हणाले.

आठ दिवसांनी कुंभारीण खेळत्या लेकीला घेऊन अक्काच्या पाया पडली.

"अगं, वाचवलं वैद्यबुवांनी."

"हो अक्का. पण त्यांच्या दारी तुमच्या 'नाही'नं पोचवलं."

आयुष्यभर कौतुक ऐकलेल्या अक्काचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा भरून आले. तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं.

तात्पर्य: आपल्या गुणाची हद्द जो प्रामाणिकपणे सांगतो, त्याचाच गुण लोकांच्या खऱ्या उपयोगी पडतो.