बुवांच्या वाक्याचा यमन

मिरजेच्या संगीत सभेत शर्वरी ओगले यांनी रचलेल्या यमन रागातल्या नव्या बंदिशी दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिष्या गाणार होत्या. सभेचे अध्यक्ष धुंडिराजबुवा यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "बाई, यमनात आता नवं काही उरलं नाही. उद्या या बंदिशी होणार नाहीत."

शर्वरीताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी तानपुरा मागवला, डोळे मिटले आणि बुवांचंच वाक्य यमनात गायला सुरुवात केली, "आता नवं काही उरलं नाही..."

तबलजीने ठेका धरला. आधी ते शब्द तक्रारीसारखे वाटले. मग हळूहळू सर्वस्व देऊन टाकलेल्या माणसाचं समाधान त्यांतून पाझरू लागलं. अशी चाल कुणी कधी ऐकली नव्हती. समेवर बुवांचा हात नकळत मांडीवर पडला.

गाणं थांबल्यावर बुवा हलक्या आवाजात म्हणाले, "हा मुखडा झाला. अंतरा?"

"त्यासाठी तुम्हाला आणखी काही म्हणावं लागेल, बुवा."

बुवा खुर्चीवरून उठले आणि श्रोत्यांत सतरंजीवर येऊन बसले.

"मी पुष्कळ म्हटलं, ताई. उद्या तुमच्या शिष्यांना म्हणू द्या. मी इथे बसून ऐकतो."