उलट्या नावेवरची टकटक

"पण मी वर आले ना, काका? आले की नाही?"

"आलीस."

"मग नापास कशी?"

सुभेदार जगदाळे काठावर पालथ्या घातलेल्या नावेवर बसून शेंगा खात होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफलं मुठीत ठेवली. 

शर्वाणीच्या केसांतून पाणी गळत होतं. डिसेंबरातलं धरणाचं पाणी ते. तिचे दात वाजत होते. थंडीने की रागाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वेळसंद धरणाच्या फुगवट्यावर कॉलेजच्या वल्हे क्लबाची सहल आली होती. उद्या सकाळी सगळ्या कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद नावा, वरच्या अंगाला जायच्या, नदी जिथे फुगवट्यात शिरते तिथवर. सर्वांत पुढची नाव कुणाची, ते आज ठरायचं होतं. पुढची नाव जिकडे वळेल तिकडे बाकीच्यांनी वळायचं, ती थांबेल तिथे थांबायचं. शर्वाणीचं हे शेवटचं वर्ष. पहिल्या वर्षापासून तिचा त्या जागेवर डोळा होता, आणि यंदा हुकली तर कायमचीच हुकणार होती.

ठरवणार सुभेदार. फौजेत असताना जवानांना नावा चालवायला शिकवलेला माणूस. क्लबात त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्यांची परीक्षाही एकच. मुलं तिला ‘हाक’ म्हणत.

पुढे जाणाऱ्याने आपण होऊन नाव उलटी करायची. डोकं पाण्यात, नावेचं पोट आभाळाकडे. तसंच लटकत राहून दोन्ही हात पाण्याबाहेर काढायचे, नावेच्या पोटावर ठोठावायचं आणि थांबायचं. ती टकटक ऐकून जोडीदाराने आपली नाव आणायची, तिचं टोक त्या हातांत द्यायचं. त्या टोकाला धरून, कमरेला झटका देऊन वर यायचं. झालं.

ठोठावण्यापर्यंत शर्वाणीने सगळं बरोबर केलं होतं. मग जोडीदार पोचायच्या आत तिने पाण्याखालीच वल्हं फिरवलं आणि आपली आपण गर्रकन वर आली. एकदा नव्हे, दोनदा. असं एकट्याने वर येणं क्लबात तिच्याशिवाय फक्त ओंकारला जमायचं.

"काका, ज्याला स्वतःला वर येता येतं त्याने हाक कशाला मारायची?"

"नको मारू... पण तू मारलीस."

"परीक्षेत आहे म्हणून मारली."

"मारलीस आणि निघून गेलीस. ती बिचारी आली, तर दारात कुणी नाही."

ती बिचारी म्हणजे पल्लवी ढोणे. पहिल्या वर्षाची पोरगी, भूम तालुक्यातली. क्लबात येईपर्यंत तिने विहिरीपेक्षा मोठं पाणी जवळून पाहिलेलं नव्हतं. तिची नाव खेकड्यासारखी तिरकी चालायची आणि तोंड अखंड चालायचं.

"निदान जोडीदार तरी बदलून द्या. ओंकारला द्या."

"ओंकारच का?"

"तो वेळेवर येतो."

"आणि पल्लवी?"

शर्वाणीने पाण्याकडे पाहिलं. पल्लवी नाव काठाला लावायचा प्रयत्न करत होती, आणि नाव आपली स्वतःभोवती गोल फिरत होती.

"तिची नाव सरळ जातच नाही, काका."

"नाही जात," सुभेदार म्हणाले. "ते खरंय."

"मला ऐकू येतंय हं सगळं!" पल्लवी पाण्यावरून ओरडली.

ओंकार पलीकडे तंबूच्या दोऱ्या ताणत होता. त्याला गप्प बसवेना. "शर्वाणी, अंधार पडायच्या आत पास हो बाई! नाहीतर पुढची नाव मी नेतो, तू मागून हाका मारत ये."

 तेवढ्यात जवळच्या खडकावरून एक पाणकावळा फडफडत उडाला आणि शर्वाणी केवढ्याने तरी दचकली. ती अशीच होती. दार आपटलं की दचकायची, फोन वाजला की दचकायची. म्हणूनच सहलीला निघण्याआधी प्रत्येक नावेचं बूच ती स्वतः तपासायची, दुसऱ्यांनी बांधलेल्या गाठी सोडून पुन्हा बांधायची. लोक त्याला शिस्त म्हणत. दुसऱ्याने बांधलेल्या गाठीच्या भरवशावर आपल्याला झोप लागत नाही, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"वल्हं आण इकडे," सुभेदार म्हणाले.

तिने दिलं. त्यांनी ते आपल्या पाठीमागे चिखलात रोवलं.

"जा आता."

"वल्ह्याशिवाय?"

"टकटक हातांनीच करायची ना?"

शर्वाणी नावेत बसली. कमरेभोवतीचा रबरी घेर तिने नावेच्या तोंडावर ताणून बसवला. पाणी आत शिरू नये म्हणून असतो तो. मुलं त्याला घागरा म्हणत. घागऱ्याची पुढची पट्टी ओढली की माणूस सुटतो आणि पोहत बाहेर येतो. म्हणजे जिवाची भीती नव्हती. हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं, हातांनी पाणी सारत ती आत गेली, आणि अंग एका बाजूला टाकलं.

पाणी कानांत शिरलं. सगळं हिरवं, मग काळं.

तिने हात वर काढले. ठोठावलं. हात नावेच्या अंगावरून पुढे नेले, मागे आणले. नुसती गार हवा. कुठून तरी वल्ह्याचा आवाज येत होता, पण पाण्याखाली आवाजाला दिशा नसते. आता नावेचं टोक कपाळावरच बसलं तर? ती पोरगी पुन्हा गोल फिरत असेल तर? छातीत कुणीतरी आतून ठोठावल्यासारखं व्हायला लागलं. हात पुढे... हात मागे... काही नाही.

तिने पट्टी ओढली.

वर येऊन तिने श्वास घेतला, तर समोर पल्लवीच्या नावेचं टोक. नाकासमोर, वीतभर अंतरावर.

"अगं ताई!" पल्लवी रडकुंडीला आली होती. "आलेच होते की मी! तुझ्या बोटांना लागणारच होतं आता!"

"उशीर केलास!"

"नाही केला!"

"केलास! मला विचार पाण्याखाली काय वाटतं ते!"

"मग तूच सांग काय वाटतं ते. मला कुठं कुणी विचारतंय!"

शर्वाणीने नाव ओढत काठाला आणली, उपडी करून पाणी काढलं. मान वर करायची तिची छाती होईना. सुभेदारांसमोर ती तशीच उभी राहिली.

"खाली काय करत होतीस?" त्यांनी विचारलं.

"थांबले होते."

सुभेदारांनी आणखी एक शेंग फोडली.

"अंदाज घेत होते. ती कुठे असेल, कधी पोचेल, पोचेल तरी का..."

"म्हणजे थांबली नव्हतीस."



सुभेदारांनी मुठीतली टरफलं खिशात घातली. "पल्लवी, तू उलट आता. आणि हिला जाऊ दे तुझ्याकडे."

"मी?" पल्लवीचे डोळे मोठे झाले. "काका, मला वर यायला येत नाही."

"माहीत आहे."

"मग बरं," असं म्हणून तिने नाव आत नेली, तिरकी तिरकी. सुभेदारांनी रोवलेलं वल्हं उपटून शर्वाणीच्या हातात दिलं. तीही नावेत बसून पाण्यात गेली.

पल्लवीने नाक धरलं आणि धप्पकन उलटली.

टक टक टक.

शर्वाणीने वल्हं मारलं. अंतर कितीसं, अंगणाएवढं. पण ते दोन हात पाण्यातून वर आलेले तिने बघितले. पाण्याखालचं काळं आपल्याला ठाऊक आहे, आणि ही पोर आत्ता त्यात आहे. तिने जोर लावला तो जास्तच. नाव सुटली ती नेम चुकवून पल्लवीच्या मागून पार निघून गेली.

"अगं अगं अगं..." काठावरून ओंकार.

तिने नाव वळवली. वल्हं पल्लवीच्या नावेवर आपटलं. ती पुन्हा मागे सरली. एवढा सगळा वेळ तिचं लक्ष त्या हातांकडे होतं. आता पट्टी ओढेल... आता ओढेल.

हात पट्टीकडे गेले नाहीत. बोटं उघडी होती. अंधारात भिंत चाचपावी तसे ते हात सावकाश पुढे जात होते, मागे येत होते. मध्येच एका हाताने पुन्हा टकटक केली. घाईची नव्हती ती. शेजारच्या घरी विरजण मागायला गेल्यासारखी होती.

शर्वाणीच्या नावेचं टोक अखेर त्या बोटांना लागलं. बोटांनी ते घट्ट धरलं. पल्लवी भसकन वर आली, खोकली, शिंकली, डोळे चोळले.

"नाकात गेलं गं!"

"घाबरली नाहीस?" शर्वाणीचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"घाबरले की! जीव नुसता खालीवर."

"मग पट्टी का नाही ओढलीस? मी चुकले होते. पुढे गेले होते मी."

"हो का?" पल्लवी म्हणाली. "मला काय माहीत. मी तर उलटी होते."

दोघी काठाजवळ आल्या. ऊन डोंगराच्या माथ्यावर चढलं होतं आणि पाण्यावर सावली पसरत चालली होती. ओंकारही आता दोऱ्या सोडून बघत उभा होता. त्याने थट्टा केली नाही, हे शर्वाणीला थट्टेपेक्षा जास्त लागलं.

"काका, मी अजून एकदा जाते," ती म्हणाली.

सुभेदारांनी हात पुढे केला. तिने न सांगता वल्हं त्यांच्याकडे दिलं.

मग ते उठले. वाटलं, पाण्याजवळ येताहेत. पण त्यांनी त्या पालथ्या नावेला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, डोंगराकडे तोंड करून. पाण्याकडे पाठ.



"काका... तुम्ही बघताय ना?"

शेंग फुटल्याचा आवाज आला.

"काका?"

दुसरी शेंग.

आत्ता तिच्या ध्यानात आलं. पाण्याखाली असताना आपण पल्लवीच्या भरवशावर नव्हतोच कधी. वल्ह्याच्या होतो. वल्हं गेल्यावर पट्टीच्या. आणि त्या सगळ्यांच्या मागे, काका काठावर आहेत, काका बघताहेत, या एका गोष्टीच्या. ते बघत होते म्हणून ती उलटू तरी शकत होती.

तिने ओंकारकडे पाहिलं. सुभेदारांनी, मागे न वळताच, हाताने त्याला तंबूकडे जायची खूण केली. तोही गेला.

पाण्यावर उरली पल्लवी. तिची नाव हळूहळू उगाचच डावीकडे सरकत होती.

"ताई, मी इथेच आहे हं," ती म्हणाली. "जरा वाकडी आहे, पण आहे."

शर्वाणीला हसू येता येता राहिलं. तिने घागरा बसवला. श्वास घेतला. पुन्हा घेतला. आणि अंग टाकलं.

हिरवं. मग काळं.

टक टक टक.

हात पुढे... हात मागे... छातीतलं ठोठावणं सुरू झालंच. तिने त्याला थोपवलं नाही. पट्टी कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. बोटं एकदा तिकडे निघालीसुद्धा. मग ती परत वर गेली, हवेत, आणि उघडली.

हात पुढे... हात मागे...

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. याआधी प्रत्येक वेळी कळला होता.

डाव्या हाताला काहीतरी ओलं, गुळगुळीत लागलं. आलं होतं ते भलत्याच बाजूने. शर्वाणीने ते दोन्ही हातांनी धरलं, कमरेला झटका दिला आणि एकदम सगळीकडे उजेड झाला.

समोर पल्लवीचा चेहरा, ओठ दातांखाली धरलेला. कितीतरी वेळ शर्वाणीने ते टोक सोडलं नाही.

"सोड की ताई आता," पल्लवी म्हणाली. "मीच उलटेन."

शर्वाणीने मान वळवली. काठावर सुभेदारांची पाठ तशीच होती, डोंगराकडे तोंड.

"काका! झालं!" तिने ओरडून सांगितलं. "या वेळी थांबले मी! सांगा ना... पास की नापास?"

सुभेदारांनी मुठीतली टरफलं चाळवली. वळून मात्र पाहिलं नाही.

"मला काय विचारतेस? मी कुठे बघत होतो... पल्लवी होती ना तिथे."